पुराआधीचं घर : बेगमी कुणाची, निर्णय कुणाचा?

(नदीकाठच्या गावांमधली महिला मंडळं आणि बचत गट यांची पावसाळ्याच्या तोंडावर कोल्हापूर जिल्ह्यात एक बैठक झाली. त्या बैठकीत केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. – संपादक मंडळ)

मैत्रिणींनो,

बैठकीचा विषय कळल्यावर तुमच्यातल्या काही जणींनी मला दोन प्रश्न विचारले. एक, "पूर आणि लाईट हे सरकारचं काम, बायकांच्या चळवळीत हा विषय कशाला?" आणि दुसरा, "घरात सामान भरून ठेवायला आम्हाला शिकवायला कशाला पाहिजे? ते आम्ही करतोच की."

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तो अगदी खरा आहे. मृग लागायच्या आत जळण आणि शेणी आत घ्यायच्या, कडधान्याला ऊन दाखवून डबे भरायचे, वर्षाची चटणी कांडून ठेवायची, कौलं परतून घ्यायला घरच्यांच्या मागं लागायचं. ही पावसाळ्याची बेगमी पिढ्यान् पिढ्या बाईच करत आली आहे. तिला कुणी आपत्ती व्यवस्थापन म्हटलं नाही, आणि ती राहून गेली तरच ती घरच्यांच्या नजरेला आली.

आता सरकारी पुस्तिकांमधून 'आपत्कालीन संच' नावाची यादी छापून येते. विजेरी, काडेपेटी, औषधं, कोरडा खाऊ, महत्त्वाची कागदपत्रं. यादी चांगली आहे. पण ती 'कुटुंबाने तयार ठेवावी' असं लिहिलेलं असतं. कुटुंबाने म्हणजे कुणी, हे आपल्याला सांगायला नको. मग कुटुंबानं घर कधी सोडायचं, कुठं जायचं, जनावरांचं काय करायचं, मदतीचे पैसे कुणाच्या खात्यावर घ्यायचे, हे कोण ठरवतं? तेही सांगायला नको.

म्हणून हा विषय आपल्या चळवळीचा आहे. काम एकीकडं आणि निर्णय दुसरीकडं, ही वाटणी एरवीही अन्यायाचीच असते. पुरात ती जिवावर बेतते. आज आपण यादी करणार आहोतच, पण यादीतल्या प्रत्येक वस्तूबरोबर, ती कुणाच्या ताब्यात आहे, हा प्रश्नही विचारणार आहोत.

पाणी किती आलंय, हे कुणाला कळतं?

आपल्याकडचा पूर एकदम घरात घुसत नाही. तो दोन-तीन दिवस चढत येतो. राधानगरीचे दरवाजे उघडले, कोयनेतून पाणी सोडलं, की ते आपल्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. कोकणातल्या, डोंगराच्या पायथ्याच्या बायांना एवढी सवड मिळत नाही. आपल्याला मिळते. ही सवड हीच आपली सगळ्यात मोठी ठेव आहे.

पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. तिथं ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. सांगलीला कृष्णेची पातळी आयर्विन पुलावर मोजतात. तिथं ४० फूट इशारा आणि ४५ फूट धोका. पावसाळ्यात हे आकडे जिल्हा प्रशासन रोज जाहीर करतं. आता हात वर करा, हे आकडे याआधी कुणाकुणाला माहीत होते? बघा, हात थोडेच आहेत. हाच प्रश्न गावातल्या पारावर विचारला असता, तर निम्मे हात वर आले असते. आपण अडाणी आहोत म्हणून असं झालेलं नाही. इशारा जातो तो पारावर, चावडीवर, दूध संस्थेच्या कट्ट्यावर आणि पुरुषांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर. तिथून तो घरी येईल तेव्हा येईल, आणि तोही "बघू संध्याकाळपर्यंत" एवढाच येतो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये काय झालं ते आठवा. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, आयर्विन पुलावर ५७ फुटांच्या वर. तोवर अनेक घरांत एकच बोलणं चाललं होतं, "२००५ ला पाणी त्या भिंतीपर्यंत आलं होतं, त्याच्या वर काही यायचं नाही." ती जुनी खूण हाच लोकांचा पंचांग झाला होता. पाणी खुणेच्या वर गेलं तेव्हा रस्ते बुडालेले होते आणि बाहेर पडायला बोटीशिवाय साधन उरलं नव्हतं. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला माणसांना बाहेर काढणारी बोट उलटली. त्यात बायका आणि मुलंही बुडाली. बोटीत माणसं क्षमतेपेक्षा जास्त होती. जो निर्णय दोन दिवस आधी, कोरड्या रस्त्यावर घ्यायचा, तो लांबला की शेवटी अशा बोटीवर येऊन थांबतो.

हे फक्त आपल्याकडचं नाही. २९ एप्रिल १९९१ च्या रात्री बांगलादेशाच्या किनाऱ्यावर चक्रीवादळ आलं आणि एक लाखाहून जास्त माणसं मेली. त्यात बायकांचं मरण्याचं प्रमाण पुरुषांच्या कितीतरी पट होतं. इशारा बाजारात, चौकात पोचला होता. घरातल्या बाया नवरा येईल, सांगेल, मग निघू, म्हणून पोरं सांभाळत थांबल्या. २००४ च्या त्सुनामीत तमिळनाडूच्या कडलूर जिल्ह्यात ऑक्सफॅमनं नोंदवलेला आकडा असा आहे : ३९१ बायका आणि १४६ पुरुष मेले. पोहायला न शिकवलेली, झाडावर चढायला न शिकवलेली, कडेवर पोर आणि पायात घोळणारी साडी. पाण्याला बाई-पुरुष कळत नाही, असं आपण म्हणतो. पण पाणी येण्याआधी समाजानं केलेला भेद पाणी आल्यावर मोजता येतो.

म्हणून तयारीतली पहिली गोष्ट पिशवी नव्हे. पहिली गोष्ट हा आकडा. प्रत्येक घरात आजच ठरवा, अमुक फुटांवर म्हातारी माणसं, गरोदर बाया आणि लहान मुलं हलवायची, अमुक फुटांवर जनावरं, अमुक फुटांवर सगळं घर. तो आकडा घरातल्या भिंतीवर खडूनं लिहा. एकदा लिहिलेला असला की त्या दिवशी नवऱ्याशी, सासऱ्यांशी वाद घालावा लागत नाही. आकडा आला, निघायचं. आणि नवरा परगावी असेल, शेतावर असेल, तर त्याच्या परवानगीसाठी थांबायचं नाही, हेही आजच, सगळे शांत बसलेले असताना बोलून घ्या.

जनावरांचं वेगळं सांगते. पुष्कळ घरं म्हशींपायी अडकतात, आणि त्यात चुकीचं काही नाही. दुधाचा पैसा हा बऱ्याच बायांचा हातातला एकमेव पैसा आहे. म्हणून जनावरं सगळ्यात आधी हलवायची, शेवटी नाही. उंचावरच्या गावातल्या कुणाच्या गोठ्यात ठेवायची, वैरण कुठून न्यायची, हे उन्हाळ्यातच बोलून ठेवा. आणि अगदी वेळ आलीच, तर दावी सोडा. मोकळं जनावर पोहून निघायचा प्रयत्न करतं, बांधलेलं जागेवर बुडतं.

लाईट गेली की काय काय जातं

पुरात महावितरण स्वतःच लाईट बंद करतं. उपकेंद्रात पाणी शिरतं, खांब पडतात. वादळातही तेच. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, त्यानंतर तिथल्या काही गावांत कित्येक आठवडे लाईट नव्हती. शहरंही सुटत नाहीत. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबईची वीज गेली आणि लोकलगाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या.

लाईट गेली म्हणजे अंधार झाला, एवढंच पुरुषमाणसाच्या लक्षात येतं. बाईच्या लक्षात येतं की गिरणी बंद झाली. डब्यात गहू आहे, ज्वारी आहे, पण पीठ नाही. पाण्याची मोटर बंद झाली, म्हणजे नळ बंद, म्हणजे घागर घेऊन हापशावर. मिक्सर बंद झाला. फोन उतरला आणि टॉवरची बॅटरी संपली, म्हणजे माहेरी कळवायची सोय गेली. एटीएम बंद, फोनवरून पैसे द्यायचे बंद, आणि दुकानदार उधारी देईना. रात्री शौचाला जायची वाट अंधारी झाली. रेशनचं रॉकेल आता बहुतेक ठिकाणी मिळत नाही, त्यामुळे कंदील घरात असला तरी तो शोभेचा. लाईट एक जाते, पण तिच्याबरोबर गेलेली दहा कामं आपल्या हातांवर येऊन पडतात.

तेव्हा पावसाळ्याचे तीन महिने आठवड्याचं पीठ दळून ठेवा. फोन रोज रात्री पूर्ण भरून ठेवा, जमलं तर गटातल्या पाच-सहा घरांत मिळून एक पॉवर बँक घ्या. फोन लागत नसेल तरी संदेश कधी कधी जातो, हे लक्षात असू द्या. महत्त्वाचे नंबर कागदावर लिहा, कारण फोन बंद पडला की नंबरही त्याच्याबरोबर जातात. ११२ हा पोलीस आणि इतर तातडीच्या मदतीसाठी, १०८ रुग्णवाहिका, १०७७ जिल्हा नियंत्रण कक्ष, १९१२ विजेच्या तक्रारीसाठी, १८१ महिलांसाठी. एक कागद कपाटाच्या दाराच्या आत चिकटवा, एक पोरांच्या दप्तरात टाका.

आता मेन स्विचबद्दल. आपल्यातल्या पुष्कळ जणींनी आयुष्यात मेन स्विचला हात लावलेला नाही. "त्याला हात लावू नको, शॉक बसेल," असं लहानपणापासून सांगितलेलं. पण पाणी चढत असताना घरात असते ती बाईच. आज घरी गेल्यावर मेन स्विच कुठं आहे ते बघा, तो बंद कसा करायचा ते शिका, आणि पोरीलाही शिकवा. पाणी उंबऱ्याशी यायच्या आत, कोरड्या हातानं, कोरड्या जागेवर उभं राहून तो बंद करायचा. पायाखाली पाणी आलेलं असेल तर मग हात लावायचा नाही. इन्व्हर्टर असेल तर तो वेगळा बंद करावा लागतो. मेन बंद केला तरी इन्व्हर्टरच्या बॅटरीतून घरातल्या वायरीत करंट येत राहतो. पूर ओसरल्यावर भिंती, बोर्ड, वायरी आतून ओल्या असतात. वायरमनला दाखवल्याशिवाय मेन चालू करू नका. पूर उतरल्यावर आवराआवर करताना शॉक बसून माणसं जातात, आणि आवराआवर कोण करतं ते मी पुन्हा सांगत नाही.

गॅसचा रेग्युलेटर काढून ठेवा आणि सिलिंडर दाव्यानं खांबाला बांधा. पाण्यात सिलिंडर तरंगतो आणि वाहून जातो. मेणबत्ती लावून झोपू नका. कोळशाची शेगडी किंवा जनरेटर बंद खोलीत चालवू नका, त्याच्या विषारी वायूला वास नसतो आणि माणूस झोपेतच जातो.

घरात साखरेचा आजार असलेलं माणूस असेल आणि इन्सुलिन चालू असेल, तर लाईट गेल्यावर फ्रीज पुन्हा पुन्हा उघडू नका. त्यानंतर बाटली प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून माठाच्या गारव्याला ठेवायची. किती दिवस चालेल ते डॉक्टरांना आधीच विचारून घ्या.

पिशवीत काय, आणि कुणासाठी

पाण्याचा हिशेब आधी. प्यायला आणि स्वयंपाकाला मिळून माणशी रोज चार लिटर धरा. पाच माणसं, तीन दिवस, म्हणजे साठ लिटर. झाकणाचे कॅन असतील तर उत्तम. कोल्हापूर शहरात २०१९ ला आणि २०२१ ला, दोन्ही वेळा पाणी उपसायची केंद्रं पुराखाली गेली. चहूकडे पाणी आणि नळाला थेंब नाही, अशी अवस्था काही दिवस होती. पूर आलेल्या विहिरीचं, बोअरचं पाणी उकळून किंवा आरोग्य केंद्रातून मिळणारं क्लोरीनचं औषध टाकूनच प्या.

खाण्यासाठी आपल्याकडचं भडंग, फुटाणे, शेंगदाणे, गूळ, राजगिऱ्याचे लाडू, दशम्या. चूल न पेटवता खाता येईल असं सगळं. बाळाचं दूध, म्हाताऱ्या माणसांच्या रोजच्या गोळ्या पंधरा दिवसांच्या, चिठ्ठीसकट. चष्मा. काठी.

आता जे छापील यादीत बहुधा नसतं, ते. पाळीचे पॅड किंवा स्वच्छ घड्या, आणि आतले कपडे दोन जोड. २०१९ ला आपल्या भागात ट्रकच्या ट्रक मदत आली. जुन्या कपड्यांचे ढीग पडले, पण आतले कपडे मागायचे कुणाकडे, कसे, या लाजेनं बाया ओल्या कपड्यांत दिवस काढत होत्या. एक शिट्टी ठेवा. अंधारात, पाण्यात हाक मारून घसा बसतो, शिट्टी लांब जाते. एक सलवार-कुडता ठेवा, साडी नेसणाऱ्यांनीही. सासूबाई काय म्हणतील याचा विचार पाणी उतरल्यावर करू. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर त्याही.

आणि रोख पैसे. सुट्ट्या नोटा, निदान आठवडाभर पुरतील एवढ्या, आणि त्या बाईच्या हातात. नवऱ्याच्या पाकिटात असलेले पैसे घराच्या पिशवीत धरायचे नाहीत, कारण पाकीट त्याच्याबरोबर असतं आणि पिशवी तुमच्याबरोबर.

गरोदर बाईची पिशवी वेगळी आणि निर्णयही वेगळा. दिवस भरत आलेल्या बाईनं आकडा इशारा पातळीला जायची वाट बघू नये. पाऊस लागून राहिला की तिला दवाखान्याजवळच्या नातेवाइकांकडं हलवा. आशाताईंकडे गावातल्या गरोदर बायांची नोंद असते. ती नोंद आणि आपला गट यांची गाठ जूनमध्येच घालून द्या.

कागद कुणाच्या नावाचे

पूर ओसरला की तलाठी आणि ग्रामसेवक पंचनाम्याला येतात. घर किती पडलं, शेत किती गेलं, जनावरं किती दगावली. मदत ज्याच्या नावावर नोंद, त्याच्या खात्यावर. बहुतेक ठिकाणी त्याच्या म्हणजे खरंच त्याच्या. मदतीचे पैसे दारूत गेले, कर्जाच्या जुन्या हिशेबात गेले, दिराच्या खात्यावर गेले, अशा तक्रारी घेऊन बाया आपल्याकडे येतात. तेव्हा आपण भांडतो, पण भांडायला हातात कागद नसतो.

१९९० च्या सुमारास शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला, तेव्हा सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावायचं म्हणजे काय, हे पुष्कळ गावांनी पहिल्यांदा ऐकलं. अजूनही आपल्यातल्या किती जणींचं नाव उताऱ्यावर आहे? घराचं बघा. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला नवरा-बायको दोघांचीही नावं लावता येतात. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं रेशनकार्डावर घरातली थोरली बाई कुटुंबप्रमुख झाली. पण कार्डावर प्रमुख आणि पंचनाम्यात नाव नाही, अशी आपली गत आहे. घरावर नाव लावून घेणं हीही पुराची तयारीच आहे, आणि ती पावसाळ्यात होत नाही, उन्हाळ्यात करावी लागते.

सगळ्यात हाल होतात त्या कागदावर नसलेल्या बायांचे. माहेरी भावाच्या घरात राहणारी परित्यक्ता. तिचा संसार एका खोलीत असतो, पण पंचनामा भावाच्या घराचा होतो. भाड्यानं राहणारी, जिच्याकडे भाड्याची पावती नाही. विधवा, जिचं नाव वारसात लावायचं राहून गेलंय. आणि शेतमजूर बाई. पीक गेलं तर शेताच्या मालकाचा पंचनामा होतो, पण त्या पिकावर तिची दोन महिन्यांची खुरपणी-भांगलणीची मजुरी होती, तिचा पंचनामा कोण करणार? शिलाई मशीन, शेळ्या, कोंबड्या, पापड-शेवयांचं सामान, हा बायकांचा धंदा. तो सांगितल्याशिवाय कुणी लिहून घेत नाही.

म्हणून एक जाड प्लॅस्टिकची पिशवी कागदांची. त्यात आधार, रेशनकार्ड, आपल्या स्वतःच्या खात्याचं पासबुक, सातबारा आणि आठ-अ, घरपट्टीची पावती, लग्नाच्या नोंदणीचा दाखला, पोटगीचा किंवा कोर्टाचा आदेश असेल तर तो, मुलांचे शाळेचे दाखले, बाळाचं लसीकरणाचं कार्ड, गटाचं पासबुक. झेरॉक्सचा एक संच उंचावरच्या गावातल्या मैत्रिणीकडे. कागदांचे फोटो फोनमध्ये, आणि पुराआधी घराच्या प्रत्येक खोलीचा, गोठ्याचा, मशीनचा एक फोटो. पंचनाम्याच्या वेळी घरात थांबा, काय लिहिलंय ते वाचून दाखवायला सांगा, आपली वस्तू राहिली असेल तर तिथल्या तिथं लिहून घ्या. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा नाही.

निवारा केंद्रात

शाळेत, मंगल कार्यालयात निवारा मिळतो. जीव वाचतो, पण तिथं बायांना जागता पहारा करावा लागतो. बंद होणारं दार असलेलं संडास, तिथवर उजेड, आंघोळीला आडोसा, अंगावर पाजायला कोपरा, रात्री फिरून बघणारं माणूस, या गोष्टी मागितल्याशिवाय होत नाहीत. एकल बाया आणि वयात आलेल्या मुली यांना एकत्र, भिंतीच्या बाजूला झोपू द्या. तिथं नवऱ्यानं हात उगारला तर "आधीच संकट, त्यात हे कशाला काढता" असं कुणी म्हटलं, तरी ऐकून घेऊ नका. संकटात मारलेला मार हा मारच असतो. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा निवारा केंद्राच्या दाराशी थांबत नाही.

आणि तिथला स्वयंपाक. तीनशे माणसांचं जेवण रांधायला बाया आणि याद्या करायला, वाटप करायला पुरुष, असं होतं. वाटपाच्या यादीवर निम्म्या बाया बसल्या पाहिजेत, आणि भात ढवळायला निम्मे पुरुष.

गटानं काय करायचं

किल्लारीचं उदाहरण सांगते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला. दगड-मातीच्या जाड भिंतींखाली हजारो माणसं झोपेत गेली. त्यानंतर लातूर आणि त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात घरदुरुस्तीचा मोठा कार्यक्रम झाला. 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेच्या कामातून गावोगावच्या बाया 'संवाद सहायक' झाल्या. योजना काय आहे, पैसा किती, भिंत भूकंपाला टिकेल अशी कशी बांधायची, हे त्या घरोघर जाऊन सांगत होत्या. ज्यांना कुणी घराचा नकाशा दाखवला नव्हता, त्या गवंड्याला चूक दाखवू लागल्या. माहिती बाईच्या हातात आली की काय होतं, ते तिथं दिसलं.

आपल्याला पुराची वाट बघायची गरज नाही. प्रत्येक गटानं मृगाआधी पाच कामं करावीत.

एक, गल्लीवार दोन-दोन बाया नेमा. राजाराम बंधाऱ्याचा किंवा आयर्विनचा आकडा रोज सकाळ-संध्याकाळ त्यांनी विचारायचा आणि दारोदार जाऊन बायांनाच सांगायचा. फोन नसलेल्या घरी आधी.

दोन, एकटी राहणारी म्हातारी, अपंग व्यक्ती, गरोदर आणि बाळंतीण बाया यांची यादी करा. प्रत्येकीच्या नावापुढे तिला बाहेर काढायची जबाबदारी कुणाची, ते नाव लिहा. ते नाव पुरुषाचंही असू द्या. तरणी पोरं गावात आहेत, त्यांना काम द्या.

तीन, गटाच्या बचतीतून पुराच्या वेळी प्रत्येकीला ठरावीक रक्कम बैठकीशिवाय, दोघींच्या सहीनं मिळेल, असा ठराव आजच इतिवृत्तात लिहा. सरकारी मदत यायच्या आधी हप्ता वसूल करणारा दारात येतो. त्या आठवड्यात बाईला सावकाराकडे जावं लागू नये.

चार, ग्रामसभेआधी महिलांची ग्रामसभा घ्यावी लागते. तिथं विचारा, गावाचा आपत्ती आराखडा कुठं आहे, त्यातल्या समितीत बाया किती, निवारा केंद्रात संडास किती, बोट आणि लाईफ जॅकेट किती. उत्तर लेखी मागा.

पाच, घराघरांत कामाची वाटणी करा. पाण्याचे कॅन मुलानं भरायचे. सिलिंडर नवऱ्यानं बांधायचा. गाळ काढायला सगळ्यांनी उतरायचं, पायात बूट घालून, कारण गाळात साप असतात आणि जखमेतून लेप्टोसारखे आजार होतात. ही यादी ऐकून घरी गेल्यावर तुमच्या माथी आणखी दहा कामं आली, तर आजची बैठक फुकट गेली असं मी म्हणेन.

पहिला प्रश्न शेवटी ठेवला होता. पूर हे सरकारचं काम नाही का? आहेच. बोट देणं, वेळेवर इशारा देणं, खांब उभे करणं, पुनर्वसन करणं, हे सरकारचंच काम आहे आणि ते आपण मागत राहणार. घरात साठ लिटर पाणी ठेवलं म्हणून पाणी योजनेचा जाब विचारायचं आपण सोडत नाही. पण जाब विचारायला माणूस जिवंत आणि कागदानिशी उभं पाहिजे.

आता पाच-पाच जणींचे घोळके करा. प्रत्येक घोळक्यानं आपापल्या गावातलं शेवटचं बुडालेलं घर कुठलं होतं आणि पहिलं बुडालेलं घर कुठलं, हे आधी कागदावर काढा. आकडा किती फुटांचा ठरवायचा, ते त्यावरून आपण मिळून ठरवू. खडू मी आणलेत, जाताना प्रत्येकीनं एक घेऊन जा.